परतीच्या वाटेची शाळा

“त्या मुलांना मराठी का शिकवली नाही, असं विचारू नकोस,” काका म्हणाले. “विचारायचंच असेल तर त्यांना पोलिश कशी काय शिकवत राहिले, ते विचार.”

आम्ही गांधीनगरच्या बाजारात चादरी घ्यायला आलो होतो. दोन्ही बाजूंना कापडाची घाऊक दुकानं, रस्त्यावर गठ्ठे उतरवणारे टेम्पो, मधून वाट काढणारी माणसं. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. कुठल्याही गावात गेले की आज तिथं काय आहे यापेक्षा आधी काय होतं ते त्यांना पहिल्यांदा दिसतं. इथं त्यांना दिसते ती १९४३ ते १९४८ मधली वळिवड्याची पोलिश छावणी: बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, शाळा आणि पाच हजारांच्या आसपास माणसं. त्यांतली बहुतेक बायका आणि मुलं.

मी सहा वर्षं पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफ शहरात राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळं गेलो. माझी लेक तिथल्याच सरकारी शाळेत जाते, दहा वर्षांची आहे, आणि पोलिश माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलते. त्यामुळं वळिवड्याची गोष्ट माझ्यासाठी आता नुसती कोल्हापूरची राहिलेली नाही. मी काकांना विचारलं होतं ते एवढंच, की पाच वर्षं ही मुलं इथं होती, कोल्हापूर पाच मैलांवर, तरी आली तशीच कशी गेली? इथलं काहीच का घेतलं नाही?

“घेतलं की. उन्हाची सवय घेतली, आंबे घेतले. आपले आजोबा छावणीत दूध घालायचे, ते सांगायचे, पोरं मराठी आकडे म्हणून दाखवायची. एक मुलगी तर इथल्याच माणसाशी लग्न करून कोल्हापुरात राहिली.”

“एक. पाच हजारांत एक. काका, मी रोज बघते. माझ्या लेकीच्या शेजारी एक युक्रेनचा मुलगा बसतो. ल्विवचा आहे. सकाळी पोलिश शाळा, घरी आला की संगणकासमोर युक्रेनची शाळा. दोन्हीकडचा गृहपाठ. पहिले सहा महिने तो वर्गात एक शब्द बोलला नाही. आई म्हणते, परत जायचंय, वर्ष बुडायला नको. तीन वर्षं झाली, परत जायचंय. पोलंड सरकारनं २०२४ च्या सप्टेंबरपासून या मुलांना पोलिश शाळा सक्तीची केली, तेव्हा मला तरी बरं वाटलं. पोराला एका जागी बसू द्या ना! अर्धं इथं, अर्धं तिथं ठेवून कुठलं मूल सावरतं?”

“ल्विवचा म्हणालीस?”

“हो.”

“म्हणजे ल्वूव,” काका थांबले. “अगं, वळिवड्याला आलेली कितीतरी माणसं त्याच मुलखातली. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं.”

हे मला माहीत होतं, तरी काकांच्या तोंडून बाजाराच्या मधोमध ऐकताना अंगावर काटा आला. माझं व्रोत्स्वाफ १९४५ पर्यंत जर्मन शहर होतं. युद्धानंतर जर्मनांना काढलं आणि पूर्वेकडून हाकललेले पोलिश लोक तिथं आले, त्यांत ल्वूवचे पुष्कळ. ओस्सोलिनेउम नावाचं त्यांचं मोठं ग्रंथालयसुद्धा ल्वूवहून व्रोत्स्वाफला आलं. माझ्या घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात आजही ल्वूवच्या नाट्यगृहाचं चित्र आहे, आणि त्यांचा जन्म मात्र व्रोत्स्वाफचा.

आम्ही चहाला बसलो. लेक नव्या चादरींवरची फुलं मोजत होती. काकांनी बशीत चहा ओतला आणि वर्गात सांगायचे तसं सांगायला लागले.

“एक मुलगी धर. सात वर्षांची. नाव नको, अशा हजारो होत्या. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलर शिरला आणि १७ तारखेला पूर्वेकडून स्टालिन. हिचं घर स्टालिनच्या वाट्याला आलं. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे दारावर सैनिक. घ्यायचं ते घ्या, चला. गुरांच्या वाघिणीत घालून आठवडेच्या आठवडे प्रवास, आणि मग आर्खांगेल्स्कच्या बाजूचं जंगल किंवा सायबेरिया. मोठ्यांनी झाडं तोडायची. काम जेवढं, भाकरी तेवढी. सात वर्षांच्या मुलीचं काम किती आणि भाकरी किती, तूच हिशेब कर.

“१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि स्टालिनला हीच माणसं सैन्यासाठी हवीशी झाली. जुलैत लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला, कैद्यांची सुटका झाली. जनरल व्लादिस्लाव अँडर्स तुरुंगातून सुटले आणि फौज बांधायला लागले. ही मुलगी आणि तिची आई दक्षिणेला निघाल्या, उझबेकिस्तानकडं, फौज जिथं असेल तिथं. वाटेत टायफसनं माणसं मेली, उपाशी मेली. कितीतरी आयांनी आपली मुलं पोलिश अनाथालयाच्या दारात नेऊन सोडली. फौजेबरोबर अनाथालयं देशाबाहेर पडणार होती ना. आई जिवंत असताना मूल अनाथ म्हणून नोंदवलं, म्हणजे निदान ते तरी खाईल आणि सुटेल.

“१९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून लाखावर माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. किनाऱ्यावर मुलांची डोकी भादरली, उवांनी भरलेले कपडे जाळून टाकले. कित्येक जण तिथं पोटभर खाल्ल्यामुळंच दगावले, कारण आतडी अन्न विसरली होती. मग तेहरान, मग कराची, आणि पुढं मोठा लोंढा इथं वळिवड्याला. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीलाही गेली, तिथल्या जामसाहेबांकडं.

“आता सांग. घर गेलं, बाप कुठं आहे ठाऊक नाही, केस गेले, अंगावरचा कपडासुद्धा जाळला. त्या पोरीकडं पहलवीच्या वाळूत उरलं काय? बोलते ती भाषा. एवढंच सामान कुणाला जाळता आलं नाही. आणि तू म्हणतेस, वळिवड्याला उतरल्यावर तेही बाजूला ठेव आणि बाराखडी गिरव.”

मी गप्प बसले, पण पटलं नव्हतं. एक गोष्ट माझ्याही हाताशी होती.

“काका, किंडरट्रान्सपोर्ट तुम्हीच मला शिकवलंत. १९३८ चा डिसेंबर ते युद्ध सुरू होईपर्यंत, नऊ महिन्यांत दहा हजारांच्या आसपास मुलं जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून इंग्लंडला नेली. बहुतेक ज्यू. त्यांना छावणीत कोंडून ठेवलं नाही. कित्येक जणं इंग्लिश घरांत राहिली, इंग्लिश शाळेत गेली. व्हिएन्नाचा वॉल्टर कोन १९३९ मध्ये असाच आला, सोळा वर्षांचा. पुढं १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्याला. मुलाला नव्या देशाच्या घरात नेऊन बसवलं की ते उभं राहतं.”

“कोनचं पुढचं सांगितलंस, मधलं राहिलं,” काका म्हणाले. “१९४० मध्ये इंग्लंडला जर्मनीची भीती वाटली आणि जर्मन बोलणारा प्रत्येक जण शत्रू ठरला. त्याच कोनला, सतरा वर्षांच्या पोराला, नजरकैदेत घातलं आणि जहाजानं कॅनडाला धाडलं. त्याचे आईबाप आउश्वित्झमध्ये मारले गेले. तो उभा राहिला ते कॅनडात. ज्या देशानं त्याला आधी आत घेतलं त्यानंच नंतर बाहेर काढलं. आणि लहान मुलं होती ना, चार-पाच वर्षांची, ती इंग्लिश घरांत लवकर रुळली, अगदी तू म्हणतेस तशी. जर्मन विसरली. बहुतेकांचे आईबाप परत आलेच नाहीत. पण ज्या थोड्यांचे वाचले, त्यांच्यातले काही युद्धानंतर मुलाला भेटायला आले, आणि आई आणि मूल यांच्यात एकही भाषा उरली नव्हती. दुभाषा लागला, अगं. स्वतःच्या आईशी बोलायला.”

चहावाल्याचा पोऱ्या ग्लास उचलायला आला, तेव्हा मी लेकीकडं बघत होते. ती माझ्याशी मराठी बोलते, पण भांडायला लागली की पोलिशमध्ये शिरते. राग आलेला मला कळतो, शब्द सगळे कळत नाहीत. माझं हे दुःख फार लहान आहे. मी स्वखुशीनं गेले, परतीचं तिकीट माझ्या फोनमध्ये असतं. म्हणून ते बोलून दाखवलं नाही.

पण वाद सोडायलाही मन तयार होईना, कारण वळिवड्याच्या गोष्टीत मला खुपणारी एक जागा होती आणि काका तिला वळसा घालून जात होते.

“बरं,” मी म्हटलं. “भाषा राखली. शाळा, चर्च, स्काउट, सण, सगळं पोलंडसारखं. का? तर परत जायचंय म्हणून. आणि १९४५ मध्ये काय झालं? फेब्रुवारीत याल्टाला तीन माणसांनी नकाशावर रेघ ओढली आणि यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेली. ल्वूव गेलं, विल्नो गेलं. जुलैत ब्रिटन आणि अमेरिकेनं त्या लंडनच्या सरकारची मान्यतासुद्धा काढून घेतली. म्हणजे ज्या घरासाठी मुलांना तयार केलं, ते घर दुसऱ्याच देशात. मग ही मुलं गेली कुठं? इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. थोडीच पोलंडला. पंधराव्या वर्षी पुन्हा नवा देश, पुन्हा पहिलीपासून. त्यांना पाच वर्षं एका नसलेल्या घराची शाळा शिकवली, काका. मला यात माया दिसते, पण फसवणूकही दिसते.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

“फसवणूक म्हणायला आधी ठाऊक असावं लागतं,” शेवटी ते म्हणाले. “१९४३ मध्ये कुणाला ठाऊक होतं? पण तुझा प्रश्न १९४५ नंतरचा आहे, आणि तो खरा आहे. त्या उन्हाळ्यानंतर बराकीतल्या प्रत्येक बाईला कळलं होतं की आपलं गाव गेलं. नवरा अँडर्सच्या फौजेत इटलीत लढला, माँते कसिनोच्या टेकडीवर पोलिश झेंडा लावला, आणि बक्षीस काय, तर गाव गेलं. तरीही शाळा चालू राहिली. आणखी अडीच-तीन वर्षं. मी याचा पुष्कळ विचार केलाय. परत जायचं नाही हे कळल्यावरही त्या बायका मुलांना तेच धडे का देत राहिल्या?”

“सवय?”

“नाही. मला वाटतं, तोवर ती परत जायची शाळा राहिलीच नव्हती. ज्या मुलानं बर्फात आपली भावंडं पुरलेली बघितली, त्याला रोज सकाळी ठरल्या वेळी, ठरल्या बाकावर, त्याचं नाव नीट उच्चारणाऱ्या बाईंसमोर बसायचं होतं. उद्याही हेच असणार, एवढी खात्री त्याला हवी होती. धडा कशाचा, हे दुय्यम. तू तुझ्या त्या ल्विवच्या मुलाचं सांगतेस ना, दुपारची शाळा. तिथं त्याचं नाव घेऊन हाक मारणाऱ्या बाई असतील की.”

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी त्या दुपारच्या शाळेकडं फक्त ओझं म्हणून बघितलं होतं. मागच्या हिवाळ्यात त्याच्या आईला मी फार प्रेमानं सांगितलं होतं की ती शाळा बंद करा, पोर दमतंय. ती हसली होती आणि विषय बदलला होता. दमतो तो खराच. डोळ्यांखाली काळं असतं त्याच्या. माझं तेही म्हणणं मी मागं घेत नाही.

“पण मग दार?” मी विचारलं. “ठरलेला बाक हवा, कबूल. त्या बाकाभोवती कुंपण कशाला? न्यूझीलंडला पाहियातुआला अशीच पोलिश मुलं नेली होती ना, ७३३. तिथंही आधी पोलिश शाळा, परत जायचं म्हणून. युद्ध संपून परतीची आशा मावळली तशी त्यांना हळूहळू तिथल्या शाळांत घातलं. दोन्ही झालं.”

“झालं, कारण न्यूझीलंडनं राहा म्हटलं,” काका आता जरा चढ्या आवाजात बोलले. “इथं राहा म्हणायला कोण होतं? कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा एक लहान मूल. वर इंग्रज, त्यांच्या लेखी ही युद्धापुरती सोय. देश स्वतःच स्वातंत्र्याच्या उंबऱ्यावर. आणि आपण? आपण दूध घातलं, भाजी विकली, कुतूहलानं बघितलं. कोल्हापूरच्या एखाद्या शाळेनं म्हटलं का, चार मुलं आमच्या वर्गात पाठवा? कुंपण त्यांनी घातलं असं तू सारखं म्हणतेस. आपल्या बाजूनंही ते कुणी ओलांडलं नाही. आजोबांचं मला कौतुक आहे, पण दुधाच्या पलीकडं तेही गेले नाहीत.”

इथं मला वाटलं आता बोलणं संपलं. चादरींचा गठ्ठा उचलून आम्ही वळिवडे स्टेशनच्या दिशेनं चालायला लागलो. काकांना अजून काहीतरी सांगायचं होतं, ते मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

“पोलिश लोक गेले आणि याच बराकींत सिंधी आले,” ते म्हणाले. “फाळणीचे निर्वासित. पोलिश लोक कराचीवरून इथं आले, सिंधी लोकही बरेचसे कराचीच्या बंदरातूनच निघाले. तोच मुक्काम, तीच छपरं. पण एक फरक होता. यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की परत जायचं नाही. म्हणून यांनी दुकान मांडलं. हा बाजार बघतेस ना, तो त्या ‘परत नाही’तून उभा राहिला. मराठी शिकले, आपल्यापेक्षा फर्डं बोलतात. तुझ्या बाजूचा पुरावा मीच देतोय तुला.”

“मग?”

“मी इथल्या मुलांना शिकवलंय. १९८० च्या आसपासची गोष्ट. सहावीचा वर्ग, निबंध ‘माझे गाव’. एका सिंधी मुलानं लिहिलं, माझं गाव शिकारपूर. मोठा झाकलेला बाजार आहे, पंजोबांची हवेली आहे. जन्म गांधीनगरचा, शिकारपूर त्यानं बघितलेलंसुद्धा नाही. घरी ऐकलेलं सगळं. मी लाल पेनानं शिकारपूर खोडलं आणि वर गांधीनगर लिहिलं. वर्गात उभं करून सांगितलं, बाळ, ते आता गेलं, तू कोल्हापूरचा. मला वाटलं मी त्याला जवळ घेतोय.”

काका थांबले. रुळांवरून एक मालगाडी मिरजेकडं गेली, ती जाईपर्यंत बोलता येईना.

“पुढच्या चाचणीत पुन्हा तोच विषय आला. त्यानं गांधीनगर लिहिलं. मुद्देसूद, शुद्ध, एक चूक नाही. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.” मग बऱ्याच वेळानं, “त्या निबंधात माणूस एकही नव्हता, गं. पहिल्यात पंजोबा होते, पणजी होती, कुलूप लावलेली हवेली होती. आज त्याचं इथं मोठं दुकान आहे. मला बघितलं की उठून नमस्कार करतो. त्याच्या मुलांना सिंधी लिहिता येत नाही, हे त्यानंच मला एकदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं.”

काकांचा हात मी धरला. मला त्यांचं समाधान करायचं होतं. म्हटलं, तुम्ही खोडलं नसतं तरी त्या मुलांनी सिंधी सोडलीच असती, पोटाला जी भाषा लागते तीच टिकते, त्यात तुमचा काय दोष. ते मान हलवत राहिले. माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्यांच्या दुःखाला ते लागू पडत नव्हतं. भाषा जाणारच होती कदाचित. खोडायला हात कुणाचा लागला, हे त्यांना छळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. वळिवड्यात जी माणसं वारली त्यांची थडगी तिथं आहेत. इथवर पोचून, रशियातून वाचून, पंचगंगेच्या काठी मातीत गेलेली माणसं. काका दरवर्षी एकदा जातात. त्यांनी एका जुन्या वहीत ती नावं देवनागरीत उतरवून ठेवली आहेत, जसं दगडावर दिसलं तसं, अक्षराला अक्षर.

लेक थडग्यांमधून फिरत एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागली. काका वही घेऊन तिच्या मागं. तिसऱ्या की चौथ्या दगडापाशी ते म्हणाले, “थांब, थांब. हे काय वाचलंस? इथं तर ‘ल’ आहे.”

“आजोबा, ‘ल’वर रेघ आहे ना, तिरकी. मग तो ‘ल’ नसतो. ‘व’ म्हणायचं.”

“म्हणजे व्लादिस्लाव नाही?”

“व्वादिस्वाफ,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणा.”

काकांनी म्हटलं. तिला पटलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं, वहीतलं जुनं नाव तसंच ठेवलं आणि त्याच्या शेजारी, लहान अक्षरांत, नवं लिहिलं. मग दोघं पुढच्या दगडाकडं गेले.